यशवंताचा सॅटेलायट

माझा साडू यशवंत आमच्या ओसरीवर आला की आधी बसत नाही. चपला काढतो, फोन आकाशाकडे धरतो, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो आणि मग समाधानानं म्हणतो, "हां. हें पार्सेच." मी जन्मापासून पार्से गावात राहतो आहे, पण माझ्या नुसत्या शब्दावर ते त्याला पटत नाही.

यशवंत म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. डिचोलीला शाळेत चित्रकला शिकवायचा. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या कमिटीत शिरतात किंवा साखरेच्या गोळ्यांवर बोलू लागतात. हा रानात डबे लपवू लागला. त्याचा मुलगा इंग्लंडात असतो. नातू ओम एका सुट्टीत आला होता, त्यानं हा खेळ आजोबाला शिकवला. जगभर लोक रानावनात डबे लपवतात म्हणे आणि जागेचे अक्षांश-रेखांशांचे आकडे नेटवर टाकतात. दुसऱ्यानं फोनवरचा बाण बघत जायचं, डबा शोधायचा, आतली एक वस्तू घ्यायची आणि आपली एक ठेवायची. ओम परत गेला. तेव्हापासून "या मे महिन्यात नक्की येतो" असं दर वर्षी ठरतं.

यशवंताचा बाणावर विश्वास केवढा! बाण सरळ दाखवतो म्हणून तो लोकांच्या अंगणातून सरळ जातो. एकदा तर वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांवरून गेला आणि तांबडे पाय घेऊन घरी आला. सत्यनारायणाच्या पत्रिकेवर त्यानं पत्त्याच्या जागी आकडे छापले. भटजी कुणाच्या तरी पोफळीच्या बागेत पोचले. तिथल्या मालकाला वाटलं, बायकोनं न विचारता पूजा घातली. दोघांचं भांडण लागलं. यशवंत मात्र शांत.

"भटजीन आंकडो चुकयलो. माणूस फट मारीत, सॅटेलायट मारिना."

माणूस थाप मारील, सॅटेलायट मारणार नाही. हे त्याचं ब्रीद.

इथवर मलाही हसू यायचं. पण माझी नातवंडं सई आणि पार्थ सुट्टीत पर्वरीहून येतात आणि पिशव्या खाली ठेवायच्या आधी विचारतात, "यशू आजो केन्ना येतलो?" खरा आजो समोर उभा! मी त्यांच्यासाठी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून खाजं आणायचो. तो हात हलवत यायचा आणि नुसतं म्हणायचा, "आज एक डबो सोदूंक जावंया?" की पोरं खाजं टाकून त्याच्यामागे. वर बायको मीठ चोळायची. "बघा, यशवंत या वयात काय काय शिकला! तुम्ही अजून टीव्ही लावायला पार्थाला हाक मारता." थोरला जावई मी, पण सासुरवाडीच्या फणसातले पिवळेधमक गरे पहिल्यापासून त्याच्या पानात.

गेल्या काजूच्या हंगामात त्यानं आमच्या गावामागच्या रानात एक डबा लपवला आणि रविवारी सगळ्यांची सहल ठरवली. "किंदळीच्या ढोलींत आसा. तुका एकट्याक सांगतां," असं मला विश्वासानं सांगितलंही.

शनिवारी दुपारी घर झोपलं असताना मी रानात गेलो. किंदळीच्या झाडाच्या ढोलीतून डबा काढला आणि थोडा वर, कुंपणाच्या दगडी गडग्याच्या कपारीत ठेवला. ही चोरी नव्हे, बदली आहे, असं मनाला बजावलं. पण त्या रानाला राखणदार आहे, रान सांभाळणारा देव. आमच्याकडे त्याच्या हद्दीतली वस्तू त्याला न विचारता कोणी हलवत नाही. साडूला फसवायची माझी तयारी होती, राखणदाराला फसवायची छाती नव्हती. खिशातला विडा काढून रिकाम्या ढोलीत ठेवला, "सांभाळून घे रे बाबा" म्हणून हात जोडले आणि घरी येऊन झोपल्याचं सोंग घेतलं.

रविवारी उंडे पाव आणि भाजी बांधून आम्ही निघालो. बाणामागे यशवंत, यशवंतामागे पोरं, पोरांमागे दोघी बहिणी आणि शेवटी मी. बाजूला चांगली पायवाट असताना सगळी वरात करवंदीच्या काट्यांतून. किंदळीपाशी यशवंत थांबला आणि त्यानं ढोलीत हात घातला. बराच वेळ हात आतच राहिला. मग मूठ बाहेर आली ती सरळ विजारीच्या खिशात गेली.

"मेळ्ळो?" पार्थानं विचारलं.

"ना."

"पण बाण हांगाच दाखयता!"

यशवंतानं फोनकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"दाखयता खरो. पण आज तेणें फट मारली."

मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "जरा वरच्या अंगाला बघूया का? म्हाताऱ्याचा आपला अंदाज."

गडग्यातून डबा निघाला. पोरं माझ्या गळ्यातच पडली. "आमच्या आजोक बाण नाका!" सई ओरडली आणि घर येईपर्यंत तिनं माझं बोट सोडलं नाही. त्या वाटेवर मी तरंगत चाललो होतो.

संध्याकाळी ओसरीवर आम्ही दोघेच होतो. यशवंतानं खिशातून काहीतरी काढून माझ्या पानाच्या डब्यात ठेवलं. सुकलेला विडा. त्यात दोन लवंगा, एक आडवी, एक उभी. लोक एक लवंग टोचतात. दोन मीच टोचतो, आणि सासुरवाडीत त्यावरून माझी चेष्टा होते.

"पान सुकलां, भाऊ," तो म्हणाला.

"यशवंता, मी..."

"रवूं दी. तुझीं नातवां हांगा आसत, तुझ्याच गळ्यांत पडूं दी. माझो ओम थंय बसून नकाशार डबे बघता. येत तेन्ना सोदीत."

एवढे सगळे डबे त्यानं कुणासाठी लपवले होते, ते मला तेव्हा कळलं. त्या दिवसानंतर ते ब्रीद त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

यंदाच्या गणेश चवथीला सगळे जमलो असताना ओमचा व्हिडिओ कॉल आला. सई मध्येच घुसली. "ओम, यशू आजोचो सॅटेलायट फटकिरो! खोटारडो!" सगळे हसले. ओम हसला नाही.

"आजो, खरंच? मग तुझे डबे मला सापडणार कसे?"

"सांपडतले रे," यशवंत म्हणाला, "तूं ये तर खरो." आणि बराच वेळ तो फोन कसा बंद करायचा तेच विसरल्यासारखा बसला.

मी शेजारीच होतो. तोंडात पान होतं. थुंकून बोलता आलं असतं.

म्हणून हे लिहितो आहे. सई, पार्थ, डबा मी हलवला होता. ओम, तुझ्या आजोचे आकडे सगळे बरोबर आहेत. तो डबा मी परत किंदळीच्या ढोलीत ठेवला आहे, राखणदाराला विचारून. तू आलास की बाण दाखवील तिथेच हात घाल.