फ्यूजदार वामनरावांची फ्यूजदारी बुडाली, त्याची हकिकत

श्रीदीपज्योती समर्थ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख मास, उन्हाचा कहर. ते समयी तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या, स्वयंपाकघर व बाल्कनी इतक्या मुलखावर मथुराबाईसाहेब राज्य करीत होत्या, आणि त्यांचे यजमान वामनराव यांजकडे दाराशेजारील लाकडी बोर्डाची फ्यूजदारी बत्तीस वर्षे अव्याहत होती. बाकी कारभारात रावांस कोणी पुसत नसे. भाजी कोणती, पडदे कोणते, सर्व हुकूम आतून सुटत. परंतु गीझर आणि मिक्सर एके वेळी चालले की फ्यूज उडावा, पंखे थांबावे आणि बाईसाहेबांनी हाक मारावी, "अहो, लाईट गेली!" मग रावांनी चष्मा चढवावा आणि स्टुलावर आरूढ व्हावे आणि चिनी मातीचा फ्यूज उपसोन नवी तार भरावी, आणि पंखे फिरले की किल्ला सर केल्याच्या दिमाखाने खाली उतरावे. तेवढ्या घटकेपुरते राव खरोखरीच राव असत.

मग एके दिवशी आमरसास मिक्सर लाविला असता बोर्डातून धूर निघाला. बाईसाहेबांस संवत्सरासही लाजवील ऐसा क्रोध आला आणि त्या गरजल्या, "बास झालं! एक दिवस घर पेटेल. नवा बोर्ड बसवायचा." रावांनी तहाचे बोलणे लाविले, "अगं, तार जरा जाड घालतो की!" तह फिसकटला. मग यासीनभाई वायरमन ड्रिल आणि टेस्टर ऐसी फौज घेऊन दाखल जाहले आणि बोर्ड उघडताच कपाळास हात लावोन बोलिले, "काका, ही फ्यूजची तार आहे का कपडे वाळत घालायची?" मग दोन प्रहरांत जुना बोर्ड पाडाव जाहला आणि छातीइतक्या उंचीवर पांढरी पेटी बसली, आत फ्यूजांचे जागी एमसीबी नामक बटणांची रांग. यासीनभाई बोलिले, "लोड वाढला की बटण आपोआप पडेल. मग एक मशीन बंद करायचं आणि बटण वर करायचं, बोटानं. स्टूल नको, काही नको. काकूपण करतील." हे ऐकताच रावांनी चष्मा उतरविला. जुने फ्यूज पंच्यात बांधोन ते बाल्कनीत जाऊन बसले. आमरसही घेतला नाही.

चार दिवस पंखे अखंड फिरले आणि राव पंख्यांकडे पाहात राहिले. पाचवे दिवशी भर दुपारी ते अनवाणी उठोन पेटीपाशी गेले आणि चोरावाणी एक बटण खाली ओढोन, परत खुर्चीत येऊन वर्तमानपत्र उलटे धरोन बसले. पंखे थांबले. पुष्कळ वेळ कोणी हाक मारीना. मग आतून आवाज आला, "अहो, लाईट गेली! या लवकर, मला त्यातलं काही कळत नाही."

राव चष्मा चढवोन धावले, तो पेटीखाली स्टूल आधीच मांडून ठेविलेले. रावांनी ते मांडिले नव्हते. आपली चोरी पकडली गेली हे रावांस उमगले. बाईसाहेब शेजारी पदराने वारा घेत गंभीर मुद्रेने उभ्या होत्या. मग राव मुकाट्याने स्टुलावर चढले आणि कमरेत पुरते वाकोन, गुडघ्यापाशी आलेले ते बटण त्यांनी वर केले.

"आली हो!" बाईसाहेब बोलिल्या.

येणेप्रमाणे फ्यूजदारी बुडाली, हुद्दा कायम राहिला. स्टूल हलविण्याची कोणास आज्ञा नाही.