पंजाबरावांची बाही

कलाबाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, तेव्हा नातीच्या स्वेटरला नेमक्या बाह्या लागायच्या राहिल्या होत्या. रविवारी सुलतानपूरला नामकरण. दुकानात स्वेटर ढिगानं मिळत होते. पण "माह्या आईच्या हातचा घालीन" असं लेकीनं, समतानं, सासरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"तुमीच विना आता," कलाबाई म्हणाल्या.

पंजाबराव टीव्हीसमोर होते. आपल्या देशाच्या पोरींची क्रिकेटची मालिका रंगात आली होती. "मी?"

"देऊळघाटातल्या अर्ध्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींची तार तुमी गुंडाळली. तांब्याची तार जमते, अन् लोकर जमत नाई?"

पंजाबरावांनी पाना-पक्कड धरावी तशा सुया धरल्या. एक सुलटा, एक उलटा. कलाबाई शेजारी बसून शिकवत राहिल्या आणि आश्चर्य म्हणजे हात बसला. पिवळी मऊ लोकर बोटांवरून सरकू लागली की त्यांना वाटायचं, आता या बाहीतून एक इवलीशी मूठ बाहेर येईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी कलाबाई दूध गॅसवर ठेवून, "ध्यान ठेवजा," असं बजावून मागच्या अंगणात गेल्या. मैदानावर सलामीची जोडी जमली होती. पंजाबरावांचे डोळे पडद्यावर, हात सुयांवर आणि मन दोन्हीकडे नव्हतं. त्यांना मैदानात नातच दिसत होती. पिवळा स्वेटर घातलेली, बॅट तिच्याहून मोठी. ती चेंडू हळूच ढकलायची आणि दुडूदुडू धावायची. ती धावत होती तोवर बाही वाढत होती.

"अवो, दूध उतू जाऊन राह्यलं ना!"

ते सुयांसकट उठले. धागा पायाला गुंडाळला गेला, लोकरीचा गुंडा कुत्र्याच्या पिल्लासारखा त्यांच्या मागे स्वयंपाकघरात आला आणि सांडलेल्या दुधात लोळला. सगळं धुऊन वाळत घालावं लागलं. तारेवर लटकलेली लांबलचक बाही शेजारच्या धम्मशीलेनं पाहिली.

"काका, बाटलीचं कव्हर लय मस्त झालं! मले बी एक करून द्या ना."

कलाबाई आत गेल्या आणि प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन भिंतीकडे पाहत बसल्या. पंजाबरावांना त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या. लोकर वाळल्यावर त्यांनी सगळी बाही उसवली, खुर्ची उचलली आणि टीव्हीकडे पाठ करून मांडली.

"हे काय?"

"आता नाई पाहत. फक्त तू सांगत जाय, काय होऊन राह्यलं ते."

कलाबाईंनी उभ्या जन्मात क्रिकेट पाहिलं नव्हतं. त्या नाइलाजानं सांगू लागल्या. "एक पोरगी पळत आली. तिनं चेंडू फेकला. दुसरीनं सोडून देल्ला." थोड्या वेळानं, "काऊन सोडला पण? मारायसारखा होता!" पहिली बाही पुरी झाली, तेव्हा त्या पंचाला नावं ठेवत होत्या.

शनिवारी अंतिम सामना. दुसरी बाही मनगटापाशी आली होती. पंजाबराव ओठ हलवत टाके मोजत होते. खोलीत ते आणि ती पिवळी ऊब एवढंच उरलं होतं. मागे कलाबाई केव्हाच उभ्या राहिल्या होत्या.

"पळ वं माय, पळ!"

"कला, हळू वं जरा. टाके चुकतात माहे."

"टाके गेले चुलीत! शेवटचे बॉल राह्यले!"

एकदम गल्लीत आरोळी उठली. कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. धम्मशीलेच्या घरातून ताट बडवल्याचा आवाज आला. पंजाबरावांनी मात्र शेवटचा टाका बंद केला, धागा दातानं तोडला आणि बाहीत दोन बोटं घातली. ती पलीकडून बाहेर आली. त्यांनी ती हलवून पाहिली. हुबेहूब नातीची मूठ.

"कला," ते हळूच म्हणाले, "इकडे पाह्य ना. झाली."

"थांबा हो," कलाबाई टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाल्या, "पुन्हा दाखवून राह्यले."