मामाजी ताट वाजवतात

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, कुणाच्याही घरी जेवायला बसले की आधी ताट वाजवतात. बोटाच्या पेराने ठक्‌ करून ताट कानाशी नेतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "मुकं हाय रे बापा!" मग जेवतात. तेही पोटभर.

आर्वीत त्यांची काशाच्या भांड्यांची भट्टी आहे. लालभडक कासं हातोड्याने ठोकून ताटं-वाट्या करण्यात त्यांचा जन्म गेला. स्टीलला ते भांडं मानतच नाहीत. पण म्हणून लग्नाच्या बुफेत प्लास्टिकची प्लेट वाजवायची? मागे रांग खोळंबलेली, आणि हे प्लेट कानाला लावून उभे! केटररला वाटलं, जेवणाला नावं ठेवताहेत. मी तोंडावर पदर घेऊन लोणच्याच्या टेबलामागे.

काही बोलायला जावं तर उत्तर तयार. "थंड्या काशाले हानलं का ते तडकते, सूनबाई. जेवताना बोललं का मीबी तसाच तडकतो."

परवा माझ्या मुलीसाठी देवळीचं स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं चांगली, पोरीचाही जीव बसलेला. घर पाहायला जायचं ठरलं. निघताना मी अक्षरशः हात जोडले.

"मामाजी, आजच्या दिवस ताट वाजवू नका. पोरीचं जमून राह्यलं."

"नाई वाजवत," म्हणाले.

तिथे मुलाच्या आईने खास आजोबांसाठी आपल्या माहेरचं काशाचं ताट काढलं होतं. चिंचेने घासून लखलखीत केलेलं. ते समोर आलं आणि मामाजींचं बोट गेलंच.

'भद्द' असा आवाज आला.

ताटाला कुठेतरी तडा होता. आम्हा सगळ्यांनाच कळलं. मुलाच्या आईचा चेहरा उतरला. आता हे "फुटकं हाय" म्हणणार आणि जमत आलेलं मोडणार! धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. मामाजींनी ताट कानाशी धरलं, बराच वेळ धरलं.

"वा! खनखनीत बोलते," ते म्हणाले. "भल्या घरचं ताट हाय."

ती बाई हसली, सगळे हसले. संध्याकाळपर्यंत सुपारी फुटली.

परतीच्या एसटीत आमचे हे पुढच्या सीटवर घोरत होते. मी मामाजींना म्हटलं, "किती सांभाळून घेतलं तुम्ही! तडकलेलं ताट, अन्‌..."

"तडकलेलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मानसाचं बोलनं समजते मले. काशाचं नाई समजत आता. ठोकून ठोकून कान गेले. कोनतं तरी एखादं बोलन म्हनून वाजवून पाह्यतो." मग म्हणाले, "पन नातीच्या घरचं मुकं कसं म्हनू?"

मला मान वर करवेना. इतकी वर्षं मी लोकांची तोंडं पाहत आले. ताट कानाशी धरलेल्या या माणसाचं तोंड एकदाही पाहिलं नाही.

आर्वीचा स्टँड जवळ आला तसे ते माझ्याकडे सरकले.

"पोरीच्या लग्नाचं ताट ठोकून राह्यलो मी. उद्या भट्टीवर येजो. मी वाजवतो, तू ऐकजो. अन्‌ कोनाले सांगू नोको बाई, लाज वाटते मले."