आमचे इग्रीजस साहेब

आमच्या ऑफिसात इंग्रजी येतं ते फक्त मला! बाकीच्यांची धाव ‘काइंडली’पर्यंत. म्हणून मोठे साहेब निवृत्त होणार म्हटल्यावर त्यांना द्यायची पितळी पाटी कोरून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. जाता जाता साहेब आपल्या खुर्चीसाठी कुणाचं तरी नाव सुचवणार होते. ते कुणाचं, याबद्दल मला तरी तिळमात्र शंका नव्हती.

‘गुड’, ‘ग्रेट’ असले पोरकट शब्द मी वापरणार? छे! शब्दांच्या मुळांवरचं एक जाडजूड पुस्तक उघडलं आणि सापडला: इग्रीजस! मूळ लॅटिन. कळपातून उठून दिसणारा, म्हणजेच थोर! पुढच्या चार ओळींवरून नुसती नजर फिरवली, तेवढ्यात बायकोने जेवायला हाक मारली.

समारंभात पाटी मीच खड्या आवाजात वाचली. “आमचे इग्रीजस साहेब!”

टाळ्यांचा कडकडाट! अर्थ साहेबांनाही ठाऊक नव्हता. पण तसं कबूल करतील तर ते साहेब कसले! छाती फुगवून उठले. “माझे वडीलही इग्रीजस होते. आमच्या घराण्यातच आहे ते!”

पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी, इंग्रजीच्या शिक्षिका, तोंडात रुमाल कोंबून गदगदत होत्या. मला वाटलं, बाईंना गहिवरून आलं!

“अहो, बसा खाली,” त्या कशाबशा म्हणाल्या. “इग्रीजस म्हणजे डोळ्यांत खुपेल इतका वाईट! घोडचुकीला लावतात तो शब्द!”

साहेबांचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला.

“साहेब, पूर्वी चांगलाच अर्थ होता!” मी माईकला मिठी मारली. “लोकांनी कुचेष्टेने वापरून वापरून तो नासवला! मुळात, कळपातून वेगळा!”

“कळप?” हिशेबनीस ताडकन उठले. “म्हणजे आम्ही मेंढरं?”

“मेंढरंच असं नाही! गुरंसुद्धा...”

पुढचं मला कुणी बोलू दिलं नाही.

खुर्ची हिशेबनिसांना मिळाली. त्यांचं भाषण एका वाक्याचं होतं: “साहेब चांगले आहेत.” माझी रवानगी गोदामात झाली.

परवा बाजारात बाईसाहेब समोर आल्या. मी ओशाळून म्हटलं, “ती पाटी फेकूनच दिली असेल ना?”

“फेकते कशाला?” त्या म्हणाल्या. “दारावर लावलीय, ह्यांच्या नावाखाली! लग्न झाल्यापासून जे माझ्या मनात होतं, ते तुम्ही पितळेत कोरून दिलंत!”