टेका, काका

पैज लागली ती जिन्यात, भर सकाळी, आणि लावणारे दोघेही पूर्ण शुद्धीत होते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

"कपाट अख्खं उतरवणार. एक ओरखडा पडला तर नाव बदलेन," वरच्या मजल्यावरचा नकाशेवाला छाती काढून म्हणाला. हा ऑफिसात दिवसभर लोकांच्या बंगल्यांचे नकाशे काढायचा आणि संध्याकाळी भाड्याच्या दोन खोल्यांत परतायचा. आज त्या खोल्याही सुटणार होत्या.

"नाही उतरायचं," खालच्या मजल्यावरचे कंपाउंडरकाका शांतपणे म्हणाले.

"काका, मोजलंय मी. जिना मोजला, कपाट मोजलं, वर गुंडाळायच्या रजया मोजल्या. चार बोटं जागा उरते."

"लाव पैज. हरेल त्याने दुसऱ्याला पाठुंगळी घेऊन फाटकापर्यंत न्यायचं. सगळ्यांसमोर."

"लावली."

आता काकांच्या पोटातली गोष्ट सांगतो, कारण ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. कपाट नकाशेवाल्याच्या बायकोच्या वडिलांनी बनवलेलं होतं. एक खिळा नाही, स्क्रू नाही, नुसत्या खाचा आणि डिंक. सुटं करायचं म्हणजे मोडायचंच. आणि तिने सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "कपाट येईल तर मी येईन. नाहीतर ट्रकला म्हणावं, राम राम."

म्हणजे कपाट अडलं की बिऱ्हाड अडलं. बिऱ्हाड अडलं की चारचा चहा अडायचा नाही. स्वतःची बायको वारल्यापासून काका वीस वर्षं रोज चारला वर जात होते. बेल नाही, हाक नाही. दारात दिसले की आतून आवाज यायचा, "टेका, काका." की ते खुर्चीत टेकायचे. झालं. एवढंच त्यांचं जग होतं आणि ते आज ट्रकमध्ये चढत होतं.

पण गंमत बघा. दुपारी कपाटाला हात लावायला माणूस कोण? सगळी बिल्डिंग कामावर. उरले काका.

"म्हणजे पैज हरायला मीच खांदा द्यायचा?"

"तुम्ही धरा हो फक्त. गुडघ्यातून वाका, कमरेतून नको. आणि मी सांगेन तसं करा."

कपाटाला रजया गुंडाळल्या, वर दोरी आवळली. थंडी वाजून आलेल्या पाहुण्यासारखं ते दिसायला लागलं. मग ते पाठीवर आडवं होऊन निघालं. काका खालच्या टोकाला, उलटे उतरत. नकाशेवाला वरच्या टोकाला, घामाने निथळत. मधल्या वळणावर त्याचे हात भरून आले. कपाट खाली ठेवा, एवढंच त्याला सांगायचं होतं. त्याच्या तोंडून निघालं,

"टेका, काका."

आणि काका टेकले.

वीस वर्षांची सवय हो. त्यांनी आपलं टोक हळूच फरशीवर ठेवलं, मागे सरकले आणि कोपऱ्यात खिडकीखाली बैठक मारली. खालचा आधार गेल्यावर नकाशेवाला घाबरला आणि त्याने वरचं टोक जिवाच्या आकांताने ढकललं. कपाट काकांसमोर उभं राहिलं. दोरी सैल झाली, रजई गळून पडली. कोपरा बंद. काका आत.

"लागलं का?" वरून नकाशेवाल्याची बायको धावत आली.

"मला नाही. कपाटालाही नाही," कपाटामागून आवाज आला. "चहा झालाय का?"

नकाशेवाला पायरीवर बसला. जिना मोजला होता, रजया मोजल्या होत्या. काका मोजायचे राहिले होते.

इकडे काकांच्या पुढ्यात कपाटाचा आरसा होता, उंच, दारभर. डोक्यामागे खिडकी. आरशात आभाळच आभाळ. एक पांढरा ढग फार सावकाश चालला होता. त्याच्या खाली एक टक्कल पडलेला माणूस मांडी घालून बसला होता. हा कोण, असं काकांना क्षणभर वाटलं. मग दोघे एकमेकांकडे बघून हसले. जिन्यात उन्हाचा वास होता. खाली कुठेतरी नळ ठिबकत होता, टप, टप. दुसरा ढग आला. असंच बसून राहावं. कपाट इथे, बिऱ्हाड वर, आपण मध्ये. फक्त हलायचं नाही. पैजही जिंकली, माणसंही जिंकली.

फटीतून चहाचा कप आत आला. त्यामागे तिचा हात. "काका, खरं सांगा, निघेल का हो हे? बाबांनी लग्नाआधी चार महिने घासलंय ते. तिथे नवीन घरात माझं म्हणून दुसरं काहीच नाही."

काकांनी चहा प्यायला. सगळा. सावकाश. आरशातला ढग कडेला गेला आणि निघून गेला.

"आत काय ठेवलंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. रिकामं केलंय."

"मग मी आत बसतो. कोपरा मोकळा झाला की फिरवा."

तेवढ्यात ट्रकवाला वर आला होता. त्याने कपाट बघितलं, फटीतून काकांना बघितलं आणि काही विचारलं नाही. असल्या घरांची त्याला सवय असावी. त्याने दोरीचे कठड्याला दोन वेढे दिले आणि रजई कपाटाच्या पायाखाली सारली. काका आरसा उघडून आत शिरले. कपाट फिरलं. आणि फिरल्यावर दार भिंतीला चिकटलं, उघडेना.

"काका, आता खाली गेल्यावरच," नकाशेवाला म्हणाला.

"चालेल की," कपाट म्हणालं.

आत अंधार होता आणि लाकडाचा गोड वास. कपाट पायरी पायरी उतरू लागलं. प्रत्येक पायरीला होडीसारखं हेलकावत होतं. "सोड... धर... हळू, आत माणूस आहे," असे आवाज पाण्यापलीकडून आल्यासारखे यायचे. काकांनी डोळे मिटले. आपण चाललोय, सगळे मिळून, एकाच घरात बसून. उतरूच नये.

मग धप्प. दार उघडलं, ऊन आत आलं. अंगणात कामावरून परतलेली अर्धी बिल्डिंग उभी. त्यांच्यासमोर काका कपाटातून बाहेर पडले. नकाशेवाल्याच्या बायकोने बोट फिरवत चारी बाजू तपासल्या. ओरखडा नव्हता. तिने डोळे पुसले.

"हरलात, काका," कुणीतरी म्हणालं.

"जाऊ द्या हो," नकाशेवाला घाईने म्हणाला. "तुम्ही आत बसलात म्हणून तर..."

"पैज म्हणजे पैज. चढ."

तो चढला. काका गुडघ्यातून वाकले, कमरेतून नाही, आणि निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. ज्याला जाऊ द्यायचं नव्हतं त्याला काका स्वतःच्या पाठीवरून पोचवायला चालले होते, तेही अगदी सावकाश, जणू फाटक पाच कोसांवर होतं. फाटक आलं. ट्रक आला.

"उतरतो, काका."

"थांब. जड नाहीस."

खरी गोष्ट अशी की काकांची कंबर धरली होती. आणि वरच्यानेही हात सोडले नव्हते. त्याची कंबर तर ठणठणीत होती.

ट्रकवाल्याने हातातली सामानाची यादी खालीवर बघितली. मग त्या दोघांकडे बघितलं.

"हे दोन नग यादीत नाहीत. कुठला चढवायचा?"

"वरचा," वाकलेले काका जमिनीकडे बघत म्हणाले. "खालचा कुणीतरी सरळ करा."