ग्वाल्हेरची खिडकी बंद

परदेशात शिकून झाशीला परतलो तेव्हा मी ठरवलं, इथल्या मराठी माणसांना सोशल मीडियाच्या बड्या कंपन्यांच्या तावडीतून सोडवायचं. (त्यांनी तसं सांगितलं नव्हतं.) प्रेम नगरातल्या आमच्या घरी, फ्रिजवर ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर, मी गप्पांची साइट 'ओसरी' सुरू केली. मालक कोणी नाही. प्रत्येक गावाचा आपापला सर्व्हर आणि सर्व्हरांचं एकमेकांकडे येणं-जाणं. ग्वाल्हेरकरांचा आधीपासून होताच. कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, हे बघणारा आमचा मॉडरेटर मतदानानं निवडला: भानुमती आत्या, रेल्वेतली निवृत्त बुकिंग क्लार्क.

त्याच आठवड्यात मी कधीपासून मनात असलेल्या ग्वाल्हेरच्या मुग्धाला ओसरीवरून खासगी निरोप धाडला, "माझ्याशी लग्न करशील?" (समोर विचारायचा धीर नव्हता. फोनवर तर त्याहून नव्हता.)

उत्तर येईना. मला जेवण जाईना. शेवटी आत्याला विचारलं, "सर्व्हर बिघडलाय का गं?"

"छे! ग्वाल्हेर बंद केलंय मी."

"अख्खं?"

"तिथं कुणीतरी लिहिलं, झाशीवाल्यांच्या आमटीत गूळ नसतो, हे कसले मराठी! मग काय, खिडकी बंद."

"अगं, एकानं लिहिलं!"

"आणि बाकीच्यांनी खपवून घेतलं. नियम तुझाच आहे बेटा, अपमान खपवणाऱ्या सर्व्हरशी संबंध नाही. पढ़ लो."

मी पडलो लोकशाहीवादी. तळमळीचं भाषण लिहून खिडकी उघडण्यावर मतदान घेतलं. सगळी ओसरी आमटीच्या बाजूनं. (बाबासुद्धा. त्यांना जेवायला आत्याच वाढते.)

आता उरली रेल्वे. ग्वाल्हेरला उतरलो आणि मुग्धाच्या दारात घाम पुसत उभा राहिलो.

"माझा निरोप... म्हणजे तुझं उत्तर..."

"उत्तर तुमचा सर्व्हर घेईचना, म्हणून आत्यांना फोन करून सांगितलं. हो म्हणून."

"आणि आत्या मला काही बोलली नाही?"

"म्हणाल्या, लग्नाचं तोंडानं विचारायला येऊ दे त्याला. तोवर खिडकी उघडत नाही."

मी तोंडानं विचारलं. ती तोंडानं हो म्हणाली. मी आनंदात बोलून गेलो, "तो आमटीवाला मूर्ख भेटला तर त्याचे आभार मानीन!"

"मान. मीच लिहिलं होतं. आणि हो, आत्यांशी ठरलंय, लग्नानंतर ओसरीचं मॉडरेशन आम्ही दोघी बघणार."

"आणि मी?"

"फ्रिजवरची धूळ पुसायची."

सत्ता एका हाती असू नये, हा माझा पहिल्यापासून आग्रह. आता ती एका हाती नाही. अर्धी आत्याकडे आहे, अर्धी मुग्धाकडे.