रिकाम्या हुकासमोरचं पाखरू

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या हुकाला काहीच टांगलेलं नव्हतं, आणि नेमकं तिथेच एक हमिंगबर्ड हवेत उभं होतं. अंगठ्याएवढं पाखरू, गळा माणकासारखा लाल. अख्खं आखात ओलांडून ते लुइझियानातल्या या अंगणात आलं होतं आणि मागच्या वर्षी जिथे गोड पाण्याची बाटली असायची, तिथली हवा चोचीने चाचपून पाहत होतं. जरा डावीकडे सरकलं, जरा उजवीकडे. मग काचेतून सरळ व्हर्ना मेलान्सोंकडे बघत राहिलं.

"अहो, आला," व्हर्ना सुरी खाली ठेवत कुजबुजली. "आपला आला."

तिचा नवरा ओवी बिनसाखरेच्या काळ्या कॉफीसमोर बसला होता. त्याने मान वर केली, हुकाकडे पाहिलं आणि फक्त एवढंच विचारलं, "आता त्याला काय देणार?"

घरात साखरेचा कणसुद्धा नव्हता.

दरवर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होतो त्या दिवशी, व्हर्ना ईस्टरपर्यंत काहीतरी सोडायची. आदल्या वर्षी तिने गप्पा सोडल्या होत्या, ते ओवीला चांगलंच मानवलं होतं. यंदा तिने साखर सोडली, तीही सगळ्या घराने. गाव चारही बाजूंनी उसात बुडालेलं असताना साखर सोडली तरच देवाला काही सोडल्यासारखं वाटेल, असं तिचं म्हणणं. विकत घ्यायची नाही, कुणाकडे मागायची नाही, उंबऱ्याच्या आत आणायची नाही. घरात होती ती पोतंभर साखर कुंपणापलीकडे नणंदेच्या, एर्लीनच्या, घरी नेऊन ठेवली. वर एर्लीनच्या अंगणात जुना न्हाणीचा टब उभा पुरून केलेल्या देवळीतल्या मरियामातेसमोर तिच्याकडून शपथ घेतली: मी रडले, आजारी पडले, कसलीही सबब सांगितली, तरी मला चिमूटभरही द्यायची नाही. देवाला सगळं सांगून झालं, पण पाखराची आठवण राहिली नाही.

आणि ही पाखरं विसरत नाहीत. जिथे खायला मिळतं तिथे ती पुढच्या वर्षीही येतात. जिथे मिळत नाही ते घर त्यांच्या वाटेवरून कायमचं पुसलं जातं. हा पाहुणा आज उपाशी गेला तर पुढच्या मार्चमध्ये खिडकीशी कुणी येणार नव्हतं.

ओवीने मध सुचवला. मधाने पाखराची जीभ सडते, असं व्हर्नाने त्याला ऐकवलं. त्याने आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि का कुणास ठाऊक, मिटून घेतलं.

व्हर्ना कुंपणाशी धावली. साखर आपलीच आहे, मागणं म्हणजे काही भीक मागणं नव्हे, शिवाय व्रत माझं आहे, त्या पाखराचं नाही, असं तिने एका दमात सांगून टाकलं.

"बाई गं," एर्लीन हात जोडून म्हणाली, "मरियामातेसमोर शब्द दिलाय मी. सबब सांगशील हे तूच सांगून ठेवलंस की नाही?"

"सबब नाही हो वन्सं, खरंच आलाय. ते बघा."

एर्लीनने पाहिलं, आणि इथेच घोटाळा वाढला. कारण एर्लीनच्या अंगणात आजवर एकही हमिंगबर्ड फिरकलं नव्हतं. ती घरात गेली, कधीतरी हौसेने घेतलेली बाटली धुतली, व्हर्नाच्याच साखरेचं पाणी करून तिच्यात भरलं आणि ती अगदी कुंपणालगत टांगली. मग, शुक्रवार होता म्हणून, क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला चर्चकडे शांतपणे चालू लागली.

आता पाखराला थोपवून धरण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. लाल रंगावर ते हुरळतं हे व्हर्नाला माहीत होतं. तिने हुकाला लाल टॉवेल बांधला. नाताळचा टेबलक्लॉथ झुडपांवर पसरला. एवढ्याने भागेना, तेव्हा ओवीची थंडीतली पायघोळ लाल आतली विजार दोरीवर चढवली. चर्चला निघालेली माणसं फाटकाशी थबकली, विजारीकडे बघून त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि पुढे गेली. आत कोळंबीचा रस्सा करपल्याचा वास सुटला होता. व्हर्नाला त्याचं भान नव्हतं.

पाखराने टॉवेल हुंगल्यासारखा केला, विजारीला एक फेरी घातली आणि ते थेट अंगणातल्या ओवीच्या होडीकडे गेलं. होडीत एक लाल बाटली होती. तिच्यावर ओवीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'इंजिनाचं तेल. हात लावू नये.' बुचाखालून ओघळलेल्या थेंबांना पाखराने जीभ लावली आणि ते तिथून हलेना.

व्हर्ना गवतातच गुडघ्यांवर बसली. "अहो, तेल पितंय ते. मरेल."

"मरणार नाही," ओवी म्हणाला.

"तेल आहे ते."

"मरणार नाही म्हणतोय ना."

बायकोचे ओले डोळे त्याने पाहिले. मग होडीपाशी गेला, बाटली उचलली, बूच काढलं आणि तोंडाला लावून घटाघटा प्यायला. व्हर्नाला वाटलं, दुःखाने याचं डोकं फिरलं. झडप घालून तिने बाटली ओढली. हाताला चिकटा लागला. तिने बोट नाकाशी नेलं, मग जिभेशी नेता नेता थांबवलं, कारण व्रत.

"साखर," ती म्हणाली.

"पाक आहे. कॉफीपुरता. होडीत बसून घेतो."

"कुठून आणली?"

ओवीने कुंपणाकडे पाहिलं. "ताईने तुला न द्यायची शपथ घेतलीय. माझं नाव त्यात कुठे होतं?"

व्हर्नाने बराच वेळ डोळे मिटून घेतले. ती रागावली होती की प्रार्थना करत होती हे ओवीला कळेना. मग ती उठली. उंबरा न ओलांडता, बागेच्या नळाखाली तिने पाकात पाणी घालून तो पातळ केला, पायरीवर पडून असलेल्या मागच्या वर्षीच्या बाटलीत भरला आणि ती हुकाला टांगली. पाखरू आता बरोब्बर कुंपणावर होतं. एका बाजूला एर्लीनची नवी कोरी बाटली, दुसऱ्या बाजूला व्हर्नाची रंग उडालेली. दोघांनी श्वास रोखला. पाखराने गिरकी घेतली आणि ते जुन्या हुकाशी येऊन पिऊ लागलं. व्हर्नाने ओवीचा हात इतका घट्ट धरला की त्याच्या बोटांना मुंग्या आल्या.

"उद्याही जा हं वन्संकडे," ती मृदू आवाजात म्हणाली. "रोज जा."

"आणि माझी कॉफी?"

"कॉफी काळीच."

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर एर्लीन भेटली. तुमच्या घरचं व्रत फार कडक चाललंय, भाऊ वाळलाय माझा, असं म्हणून तिने हळहळ व्यक्त केली.

"हो ना," व्हर्ना तिचा हात हातात घेत म्हणाली. "त्यांना उद्यापासून जरा जास्त देत जा, वन्सं. आणखी दोन पाखरं आलीत."

एर्लीनने भावाकडे पाहिलं. भाऊ अगदी एकाग्रपणे चर्चच्या घंटेकडे बघत होता.